गोजरबाईची घटना

गोजरबाईला आपली तीन एकर जमीन कडूबाईला विकायची होती. कडूबाईचं रान बांधाला लागून आणि बाई कष्टाळू. आलेल्या पैशांतून श्रीरामपूरला बहिणीच्या दारात पिठाची गिरणी टाकायची, एवढाच गोजरबाईचा बेत. नवरा जाऊन चार वर्षं झाली होती, पोरबाळ नव्हतं, आणि दर पेरणीला औतवाल्यांच्या विनवण्या करून ती कंटाळली होती.

मध्ये सहादेव आडवा आला. नवऱ्याच्या भावकीतला.

"वहिनी, जिमीन भावकीबाहेर जायची न्हाई. पैला हक्क आमचा."

"मग घ्या की भावजी."

"घेऊ की. घाई काय हाय?"

अशी दोन वर्षं गेली. सहादेव स्वतः घेईना आणि दुसऱ्याला घेऊ देईना. घाई त्याला नव्हतीच. गोजरबाई मेली की जमीन फुकट पदरात पडेल, हा त्याचा डाव गावातल्या शेंबड्या पोरालाही कळत होता. शेवटी गोजरबाईनं कडूबाईकडून विसार घेतला, तसा सहादेवनं कर्जतच्या कोर्टात दावा ठोकला. साल एकाहत्तर. दाव्यात लिहिलं होतं की, आपण मयताचे चौथ्या पिढीतले भाऊबंद आहोत आणि जमीन विकायची तर आधी भावकीला विचारायचं, ही गावची पूर्वापार रूढी आहे.

गोजरबाईनं राधाकृष्ण वकील धरले. पुण्याला शिकून आलेले. पक्षकार कमी आणि पुस्तकं जास्त. कागद वाचता वाचता त्यांचे डोळे लकाकले.

"बाई, हा हक्कच घटनेच्या विरुद्ध आहे! आपली जमीन कुणाला विकायची, हे रक्ताच्या नात्यानं ठरवायचं म्हणजे काय? आपण पार दिल्लीपर्यंत जाऊ."

"दिल्ली नको. मला श्रीरामपूरला जायचंय."

"पण घटना..."

"ती मी सांगते की. समदी ध्यानात हाय माझ्या."

वकिलांना वाटलं, काय जागरूक बाई आहे! बाईला वाटलं, ह्यांना कुणी बरं सांगितली?

तारखेला सहादेव आपल्या व्याह्यांना, कानिफनाथांना, सोबत घेऊन आला. जामखेडकडचे वजनदार गृहस्थ. बाकावर एकटेच दोघांची जागा धरून बसले.

गोजरबाई पिंजऱ्यात उभी राहिली. सहादेवच्या वकिलाला जरा गंमत करावीशी वाटली.

"बाई, हा हक्क घटनेच्या विरुद्ध आहे, असं तुमच्या कैफियतीत लिहिलंय. घटना म्हणजे काय, ठाऊक आहे का तुम्हाला?"

"ठाऊक नसायला काय झालं? माझ्या दारातच घडली."

सगळं कोर्ट हसलं. राधाकृष्ण वकिलांनी डोळे मिटून घेतले. न्यायाधीश म्हणाले, "सांगू द्या त्यांना."

"आमचं मालक वारलं सायेब, आनि तिसऱ्या दिशी ह्या सहादेव भावजींच्या पोरीचं लगीन हुतं. सात पिढ्यांपत्तुर भावकीला धा दिस सुतक. तर हे म्हनले, आमाला सुतक लागत न्हाई, आमची आठवी पिढी. माझ्या दारावरनं ताशा वाजवीत वरात नेली. मी आत बसून ऐकत हुते." तिनं सहादेवकडं बोट केलं. "आठव्या पिढीला सुतक लागत न्हाई, मग जिमीन कशी लागती? ही घटना. हिच्या इरुद्ध हाय ह्यो हक्क."

आता कुणी हसलं नाही. न्यायाधीशांनी चष्मा काढून सहादेवकडं पाहिलं.

"चौथी की आठवी?"

सहादेव तोंड उघडतोय तोच मागून कानिफनाथ उठले. "व्याही, चौथी आसंल तर माझ्या लेकाचं लगीन सुतकात लावलं म्हना की तुमी!"

पट्टेवाल्यानं त्यांना खाली बसवलं. ते बसले, पण त्यांची नजर काही बसली नाही.

"आठवी, सायेब," सहादेव म्हणाला. "पायजेल तर नववी लिवा."

दावा फेटाळला गेला. वादीचं नातंच शाबीत होत नाही, सबब घटनेच्या प्रश्नात शिरण्याची गरज नाही, असं निकालात आलं. राधाकृष्ण वकिलांनी ती ओळ तीनदा वाचली.

"जिंकलो आपण," ते म्हणाले, पण घरातलं कुणी गेल्यासारख्या आवाजात. "घटनेचा प्रश्न मात्र राहूनच गेला."

"ऱ्हाऊ द्या वकीलसायेब," गोजरबाईनं समजूत घातली. "दुसऱ्या कुनाच्या तरी दारात घडंलच की."

व्याही सहादेवकडं पाठ फिरवून जामखेडच्या गाडीत चढले. गावाकडं जाणारी एसटी एकच, त्यामुळं कडूबाई, गोजरबाई आणि सहादेव एकाच बाकावर आले. कंडक्टर तिकिटं फाडून पुढं गेला. मग सहादेव खाकरला.

"वहिनी, खरेदीखताला साक्षीदार लागंल न्हवं?"

"लागंल. पर भावकीतला नको."

"मी कुठं भावकीतला?"

कडूबाईनं तोंडाला पदर लावला. गोजरबाई खिडकीबाहेर बघत राहिली. एक आख्खं गाव मागं पडलं, तेव्हा कुठं ती वळली.

"मंगळवारी या," ती म्हणाली. "आनि भावजी, नुसती सही करा. म्होरं पिढी लिवू नका."