वीस जादा घोडे

होटगी रस्त्यावरच्या एका मोकळ्या प्लॉटवर रविवारी सकाळी आठ वाजताच चाळीसेक गाड्या रांगेत लागल्या होत्या. सगळ्या डिझेलच्या, सगळ्या घरच्या वापरातल्या. मालक आपापल्या गाडीला टेकून उभे होते आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर डॉक्टरकडे नंबर लागल्यासारखा भाव होता. मधोमध मांडव, मांडवात टेबल, टेबलावर लॅपटॉप. मागे मोठा फ्लेक्स : 'झोपलेले घोडे जागे करा! वीस घोडे जादा, मायलेजपण जादा! मॅप मास्टर बसवेश.' घोडे म्हणजे हॉर्सपॉवर, इंजिनची ताकद.

तेवढ्यात एक पांढरी गाडी फेरी मारून आली. तिचा मालक दार उघडून अक्षरशः उडी मारून उतरला.

"आयला, विमान झालंय की ओ!" तो ओरडला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. वाजवणाऱ्यांत मीही होतो आणि खरं सांगायचं तर सगळ्यांत जोरात वाजवणारा मीच होतो.

आता मी कोण ते सांगितलं पाहिजे, म्हणजे माझी लाज नीट कळेल. माझं नाव धर्मपाल. सोलापुरातल्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. गेली वीस वर्षं सुट्टीच्या दिवशी प्रयोगांच्या सामानाची पेटी घेऊन गावोगाव जातो आणि बुवा-बाबांचे चमत्कार कसे होतात ते लोकांना करून दाखवतो. नारळातून लाल पाणी काढतो, पाणी शिंपडून होम पेटवतो, जळता कापूर जिभेवर ठेवतो. शेवटी म्हणतो, "मंडळी, तपासल्याशिवाय विश्वास ठेवू नका." हे वाक्य म्हणताना माझा उजवा हात आपोआप वर जातो. बायको त्याची नक्कल छान करते.

तर असा मी त्या रांगेत सतराव्या नंबरवर उभा होतो. कारण अगदी क्षुल्लक. माझा मेहुणा सतीश अकलूजला असतो. दिवाळीत त्याच्याकडे जाताना उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर पुढे आला आणि माझी आठ वर्षांची गाडी काही केल्या त्याला ओलांडेना. मागून सतीश त्याच्या नव्या गाडीत आला, हॉर्न वाजवला, मला आणि ट्रॅक्टरला एका दमात मागे टाकून गेला. जेवताना म्हणाला, "दाजी, ऊस तोलूनच आलात वाटतं." सगळे हसले. मीही हसलो. पण ते मनात राहिलं.

माझा नंबर आला. बसवेश पस्तिशीतला, काळा टी-शर्ट, गळ्यात शिट्टीसारखा अडकवलेला पेन ड्राइव्ह. त्यानं माझ्याशी हात मिळवला आणि मग बॉनेटवर हात ठेवून डोळे मिटले.

"सर, गाडी गुदमरायलीय," तो म्हणाला. "इंजिनमध्ये कॉम्प्युटर असतोय. किती डिझेल द्यायचं, किती हवा द्यायची, सगळा हिशेब त्याच्याकडं. त्या हिशेबाला म्हणायचं मॅप. आणि कंपनीनं त्या मॅपला कुलूप लावलंय. का लावलंय?"

"का?" मी विचारलं. वर्गात मी मुलांना जसं विचारतो तसं तो मला विचारत होता आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

"म्हणजे तुम्ही पुढचं महागाचं मॉडेल घ्यावं म्हणून! घोडे तुमचेच, चावी त्यांच्याकडं. आज आपण चावी फिरवणार."

त्यानं बॉनेट उघडलं. "आधी नाडी बघतो," म्हणत हात आत घातला, इकडं-तिकडं चाचपलं, फडक्यानं पुसलं, बॉनेट लावलं. मग मला म्हणाला, "एक फेरी मारून या. आधीची गाडी कशी होती ते तुम्हालाच कळू द्या. प्रयोग हाय सर, प्रयोग."

प्रयोग हा शब्द ऐकून मी विरघळलो. फेरी मारली. गाडी खरोखरच गुदमरत होती. ॲक्सिलरेटर दाबला की नुसती कण्हायची. समोर इंजिनचा पिवळा दिवाही लागला. इतकी वाईट अवस्था होईपर्यंत आपल्याला कळलं कसं नाही, असं मला वाटलं. पण हा प्रश्न मी बसवेशला नाही, स्वतःलाच विचारला आणि उत्तरही स्वतःच दिलं : सवय झाली असेल.

परत आलो. त्यानं स्टेअरिंगखाली वायर जोडली. लॅपटॉपवर हिरवी पट्टी सरकू लागली, आकडे धावू लागले. "इंजिन थंड ठेवायला लागतंय," म्हणून त्यानं पुन्हा बॉनेट उघडलं, वारा घातला, पुसलं, बंद केलं. पट्टी शंभरावर गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"जावा सर. जपून जावा, पाय हळू ठेवा."

मी गेलो. पिवळा दिवा विझलेला. पाय टेकवला आणि गाडी अशी सुटली की माझं डोकं मागे आदळलं. पंचेचाळीस वर्षांचा मी एकटाच गाडीत "अरे वा! अरे वा!" म्हणत होतो.

उतरून पैसे मोजले तेव्हा बसवेशच्या माणसानं मोबाईल समोर धरला. "सर, दोन शब्द."

आणि मी दोन नाही, चांगली दोन मिनिटं बोललो. "मी विज्ञानाचा शिक्षक आहे. वीस वर्षं चमत्कार तपासतोय. हा चमत्कार नाही मंडळी, हे विज्ञान आहे!" उजवा हात वर.

घरी आल्यावर मीनाला सगळं सांगितलं आणि पुढचा आठवडाभर सांगतच राहिलो. मीना माझी बायको, रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते.

"मोजलं का?" तिनं विचारलं.

"काय मोजायचं? कळतं ना पायाला! परवा अकलूजला वीस मिनिटं लवकर पोचलो."

"परवा कारखाना बंद होता. रस्त्यात एकही ट्रॉली नव्हती."

"तुला मॅप म्हणजे काय ते माहीत नाही."

"नाही," ती म्हणाली. "तुला माहितीय?"

मी वर्तमानपत्र उघडलं.

महिनाभरानं एका दुपारी शिपाई सांगत आला, कुणीतरी भेटायला आलंय. व्हरांड्यात तिशीचा एक माणूस उभा होता. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, पँट ग्रीसनं माखलेली.

"सर, मी सिदू. वैरागचा. वडापची जीप चालवतो, शिटा भरून. तुमीच न्हवं का त्ये मोबाईलमधलं?"

माझा चेहरा फुलला, हे मला आजही आठवतं.

"व्हय, मीच," मी त्याच्याच बोलीत म्हणालो.

"माजी गाडी पार बसली ओ. तुमच्या ओळकीचा हाय त्यो, फोन उचलत न्हाय. म्हनून आलो."

सिदूची आई, कस्तुराबाई, हिला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला सोलापूरला आणावं लागे. त्याच्या जीपमध्ये इंजिन तापल्याचा लाल दिवा लागायला लागला होता. तो दुरुस्तीला टाकणारच होता, तेवढ्यात माझा व्हिडिओ आला. तो बसवेशकडे गेला. बसवेश म्हणाला, दिवा खोटा आहे, जुन्या प्रोग्रॅमची चूक आहे, नव्या मॅपमध्ये बंद करून टाकतो. दिवा खरंच बंद झाला. गाडी मस्त पळायला लागली. पाचव्या दिवशी आईला घेऊन येताना वाटेत वडाळा गावाच्या पुढे इंजिन उकळून जाम झालं. ऊन मरणाचं. दुसरी गाडी मिळायला अडीच तास लागले. पोचले तेव्हा तिची वेळ गेलेली. दुसऱ्या दिवशी तिला धाप लागली आणि दोन दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं.

"आता बरी हाय," सिदू म्हणाला. तो चिडला असता तर बरं झालं असतं. "फकस्त गाडीचं काय तरी बगा, सर. त्येच्यावर घर हाय."

मी अर्धी रजा टाकली आणि त्याला घेऊन अक्कलकोट रस्त्यावर कल्लप्पाच्या गॅरेजला गेलो. जीप तिथंच ओढून आणली होती. कल्लप्पा मूळचा दुधनीचा, साठीला आलेला, डिझेल गाड्यांचा जुना जाणकार.

"बर्री सर, बर्री," त्यानं कानडीत बोलावलं. "हे बगा मॅप."

त्यानं जीपचा मीटर उघडून ठेवला होता. लाल दिव्याच्या काचेवर आतून काळ्या चिकटपट्टीचा नखाएवढा तुकडा चिकटवलेला होता. दिवा बिचारा शेवटपर्यंत पेटत होता, फक्त दिसत नव्हता.

सिदूनं तो तुकडा नखानं सोडवून खिशात ठेवला. मला त्याच्याकडे बघवेना.

मग मी आवाज खाली आणून विचारलं, "कल्लप्पा, माझी पण गाडी त्यानं..."

"अय्यय्यो! तुमी पण?" त्यानं हसू दाबलं. "पैली फेरी मारायच्या आदी बॉनेट उघडलं होतं का त्यानं?"

"हो. नाडी बघायला."

"नाडी!" कल्लप्पा उठला. माझ्या गाडीचं बॉनेट उघडलं, एअर फिल्टरच्या नळीवरचा एक छोटा प्लग पकडला आणि टक् करून ओढून काढला. "हवा किती जातीय त्ये कॉम्प्युटरला सांगनारा सेन्सर. ह्येचा प्लग काडला की कॉम्प्युटर आंदळा. मग भ्याला की ताकद कमी करतो. जावा, फेरी मारा."

मी फेरी मारली. तीच कण्हणारी गाडी. तोच पिवळा दिवा. परत आलो. कल्लप्पानं प्लग टक् करून बसवला, हातातल्या छोट्या यंत्रानं दिवा विझवला. "आता जावा."

गाडी सुटली. डोकं मागे आदळलं. या वेळी मी "अरे वा" म्हणालो नाही.

म्हणजे बसवेशनं माझ्याच गाडीची ताकद दहा मिनिटं काढून ठेवली होती आणि मलाच परत विकली होती. एकही घोडा जादा नव्हता. मी बुवाला चमत्कार करताना पाहत होतो आणि टाळ्या वाजवत होतो, कारण त्याच्या अंगात भगवं नव्हतं आणि हातात लॅपटॉप होता.

"पण मॅप बदलता येतो, हे तरी खरं ना?" मी केविलवाणं विचारलं.

"येतो की. खरा करनारे हायत. पण मग क्लच, टर्बो, गिअरबॉक्स सगळ्यावर भार येतो, धूर वाडतो, कंपनीची हमी जाती. आनि त्ये मशीनवर आदी-नंतर मोजून कागद देत्यात. ह्यानं काय दिलं?"

त्यानं मला पेन ड्राइव्हच्या आकाराचा कीचेन दिला होता. मी तो दाखवला नाही.

रात्री मीनाला सांगितलं. ती नक्कल करील म्हणून तयारीत होतो. तिनं केली नाही. कस्तुराबाईंचं सगळं ऐकून घेतलं. मग उठली आणि लाल नेलपॉलिशची बाटली घेऊन आली.

"आमच्या लॅबमध्ये नमुन्याला सील लावतात," ती म्हणाली. "कुणी उघडलं तर कळतं."

पुढच्या रविवारी मी पुन्हा त्या प्लॉटवर गेलो. सोबत मीना, सिदू आणि कल्लप्पा. गाड्या साठेक होत्या. फ्लेक्सवर आता माझा फोटो होता, उजवा हात वर केलेला.

"सर! आपले सर आले!" बसवेशनं माइकवरून ओरडून स्वागत केलं.

"अजून दहा घोडे पाहिजेत," मी म्हणालो.

"देऊ की! विज्ञानाला कुठं मर्यादा हाय!"

त्यानं नाडी पाहिली. मी फेरी मारून आलो, गाडी कण्हत होती. तो लॅपटॉपकडे वळला तेवढ्यात मी माइक उचलला.

"मंडळी, एक मिनिट. सकाळी येताना या गाडीच्या एका प्लगवर आम्ही नेलपॉलिशची रेघ ओढली होती. अर्धी प्लगवर, अर्धी सेन्सरवर. तिचा फोटो माझ्या बायकोच्या मोबाईलमध्ये आहे. आता बॉनेट उघडू या."

बसवेश पुढे आला. "सर, इंजिन गरम हाय, हात भाजंल." मग माझ्या कानाशी, "काय पायजे त्ये बोला की, सर."

कल्लप्पानं बॉनेट उघडलं. लोक वाकले. रेघ मधोमध तुटलेली आणि प्लग मोकळा लोंबकळत होता. कल्लप्पानं तो बसवला, दिवा विझवला आणि रांगेतल्या एका अनोळखी माणसाला किल्ली दिली. तो फेरी मारून आला आणि म्हणाला, "विमान झालंय." लॅपटॉप अजून जोडलेलाच नव्हता.

एकदम गलका झाला. मीनानं लॅपटॉपची कळ दाबली, तर हिरवी पट्टी पुन्हा पहिल्यापासून सरकायला लागली. ते आकडे म्हणजे नुसता व्हिडिओ होता. सिदूनं खिशातून काळी चिकटपट्टी काढून आईची हकीगत सांगितली, त्याला माइक लागला नाही. दुपारपर्यंत पोलिस ठाण्यात चौदा जणांनी तक्रार दिली. मी त्यात पहिला. हवालदारानं विचारलं, "व्यवसाय?" मी म्हणालो, "विज्ञान शिक्षक." त्यानं मान वर करून एकदा माझ्याकडे पाहिलं आणि लिहून घेतलं.

सगळ्यांना पटलं असं मात्र नाही. जाताना एक जण म्हणाला, "सर, तुमचं ठीक हाय, पण माजी खरंच पळतीया." मला त्याच्यावर हसता आलं नाही. महिनाभर मीही हेच म्हणत होतो.

सिदूची जीप कल्लप्पानं दुरुस्त करून उभी केली, त्यात मला जमेल तो हातभार मी लावला. माझा नवा व्हिडिओही टाकला, पण जुना हजारोंनी पाहिला होता, नवा तीनशे जणांनी.

मग एका सकाळी वैरागला गेलो. कस्तुराबाई दारात शेळीला पाला घालत होत्या. मी माफी मागितली. काय काय बोलायचं ते पाठ करून गेलो होतो, त्यातलं निम्मं विसरलो.

त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "मास्तर, त्या मॅपवाल्या पोराचं मला काय वाटत न्हाय. त्यो फसवायलाच बसलेला. पर तुमी शिकलेलं. तुमी म्हनला, म्हनून आमी पुढं कुनाला इचारलंच न्हाय."

मी आजही पेटी घेऊन गावोगाव जातो. नारळ आणि कापूर आहेतच, पण आधी ही गोष्ट सांगतो. मंडळी, चमत्कार मंत्रानं होवो की कॉम्प्युटरनं, तीन गोष्टी विचारा. आधी किती होतं, नंतर किती झालं, आणि मोजलं कुणी? मोजणाऱ्याचा त्यात फायदा असेल तर दुसऱ्याकडून मोजून घ्या. आपल्याला जे खरं वाटावंसं वाटतं, ते दोनदा तपासा. आणि कुणी विज्ञानाचा मास्तर हात वर करून छातीठोक सांगत असेल, तर त्यालाही विचारा : "मोजलं का?"