खरेदीदाराची कोरी जागा

मी दाराशी उभी असलेली राखाडी गाडी बोलतेय. माझ्या पाटीवर अजून परक्या राज्याचा नंबर आहे, म्हणून येणारा-जाणारा मला पाहुणीसारखं निरखतो. पाहुणीच असते तर बरं झालं असतं. तिला परत जायला घर तरी असतं.

माझा जन्म कारखान्यातला, तो फारसा आठवत नाही. आठवतात त्या माझ्या पहिल्या मालकीण, निवृत्त शिक्षिका. गिअर अडला की "सरक रे बाळा" म्हणायच्या. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा त्यांनी मला विकलं. घेणारा सीमेपलीकडून आला होता. घरात त्याला दादा म्हणत. बाईंनी विक्रीच्या कागदांवर सह्या केल्या, तिथल्या कार्यालयाचं ना हरकतपत्र त्याच्या हातात दिलं. खरेदीदाराची जागा तेवढी कोरी राहिली.

"घरी जाऊन निवांत लिहितो," दादा म्हणाला. "घाईत खाडाखोड नको."

सगळी वाट शिट्टी वाजवत त्याने मला इथे आणलं. धाकटा भाऊ धावत बाहेर आला.

"दादा, रंग काय उंदराचा आणलास!"

"तू आधी दात घास, मग बोल."

त्याच आठवड्यात दादा झोपला तो उठलाच नाही.

भेटायला आलेली आत्या माझ्याकडे बघून पुटपुटली, "पांढऱ्या पायाची आहे मेली." मला चाकं आहेत, पाय नाहीत, हे मी कुणाला सांगणार? तेव्हापासून मी धास्तावूनच उभी आहे. त्यात माझा विमाही संपला.

परवा नोंदणीचा एजंट आला. बॉनेट उघडून त्याने माझ्या सांगाड्यावरच्या नंबरावर कागद धरला, वरून पेन्सिल घासली आणि ठसा घेऊन बॉनेट लावलं. मग कागद चाळून खूश झाला.

"मालक, तुमचं नशीब! नाव कोरंच आहे. बाईंनी थेट तुम्हाला विकली असं लिहा. नोंदणी लगेच, विमाही तुमच्याच नावावर."

"म्हणजे दादाने घेतलीच नाही?" धाकट्याने विचारलं.

"कागदावर तसंच. नाहीतर वारसाचे दाखले आणा, हेलपाटे घाला. ना हरकतीची मुदतही संपत आलीय."

धाकट्याने एजंटच्या खिशातलं पेन ओढलं, कागद माझ्या बॉनेटवर ठेवला आणि कोऱ्या जागेत दादाचं नाव लिहिलं. इतकं दाबून लिहिलं की प्रत्येक अक्षर मला पत्र्यातून कळलं.

"अहो, काय केलंत हे! आता साहेब म्हणतील, खरेदीदाराला उभं करा समोर. कुठून आणणार?"

धाकटा लाल झाला. घरात जाऊन किल्ली घेऊन आला, धाडकन दार लावून बसला. "गाडीच उभी करतो साहेबासमोर. बघतो कोण नाही म्हणतं!"

मी सुरू झाले. न होऊन सांगते कुणाला? त्याचे डोळे भरलेले, पाय मात्र रेसवर. गल्लीच्या तोंडाशी शाळेतून सुटलेली पोरं येत होती. यांच्यातल्या कुणाला लागलं तर?

दादाची बायको, धाकट्याची वहिनी, पुढे येऊन बॉनेटला टेकून उभी राहिली.

"भाऊजी, उतरा."

"बाजूला हो, वहिनी."

"विमा नाही, आणि समोरचं दिसत नाहीये तुम्हाला. एका माणसाला पोहोचवून आलेय मी. पुन्हा तेच करायचं बळ नाही माझ्यात."

त्याने इंजिन बंद केलं. डोकं स्टिअरिंगवर टेकलं. "मी सगळं बिघडवलं ना?"

"खरं तेच लिहिलंत. वारस म्हणून मी सही करीन. लागू दे वेळ."

आता दाखल्यांचे हेलपाटे चालू आहेत. ते मुदतीत मिळतील की नाही, कुणालाच ठाऊक नाही. धाकटा मात्र किल्ली खिशातच ठेवतो. येतो, माझ्यात बसतो, रेसवर पाय ठेवून बघतो, आणि माझा जीव टांगणीला लागतो.

पोरा, ती किल्ली वहिनीकडे दे. माझी बॅटरी उतरू दे, टायर बसू देत, सोसेन मी. तुझ्या दादाला मी सुखरूप घरी आणलं होतं. त्याच्या नावाला एवढा जपतोस, तर त्याच्या भावालाही जप.