चोवीस तारांचं चाक

"वजन किती तुमचं?" मिस्त्रीनं विचारलं.

मी सायकलचं मागचं चाक हातात धरून उभा होतो. रिमला तडा गेला होता, म्हणजे चाक कामातून गेलं होतं. मिस्त्रीचं दुकान बोळाएवढं, आणि त्यात आमच्या रविवारच्या सायकल ग्रुपमधले दोघे घुसलेले, बँकवाला आणि डेंटिस्ट. नवं चाक निवडायला मदत करतो म्हणून आले आणि अर्ध्या तासात त्यांनी माझं डोकं पिकवलं. बँकवाल्याच्या मते उंच काठाची कार्बनची रिम घ्यावी, वारा कापत जाते. डेंटिस्टच्या मते कार्बनला उतारावर ब्रेक धड लागत नाही, हलकं अॅल्युमिनियमच बरं. एकानं मोबाइलवर तक्ता काढला, लगेच दुसऱ्यानं दुसरा काढला. चाक माझं, पाय माझे आणि भांडण त्यांचं.

"वजन सांगा हो," मिस्त्री पुन्हा म्हणाला. "चाकाला तारा, म्हणजे स्पोक, किती ते त्यावर ठरतं."

"ब्याऐंशी," मी म्हणालो.

खरं वजन सत्त्याण्णव होतं. आणि मला ते अंदाजानं नव्हे, नेमकं माहीत होतं, कारण माझी नोकरीच ती आहे. दवाखान्यात मी वजनकाट्यापाशी बसतो. डॉक्टरांकडे जाणाऱ्या प्रत्येकाला काट्यावर उभं करायचं आणि आकडा कागदावर लिहायचा, गेली एकवीस वर्षं हेच. चपला काढा, पिशवी खाली ठेवा, श्वास आत ओढून काही कमी होत नाही. दोन किलो कमी लिहा ना, असं कुणी लाडीगोडीनं म्हणालं की मी त्याला झापतो. औषध वजनावर ठरतं, खोटं सांगून मरायचंय का? असा मी. पण अठ्ठावन्न किलोचा डेंटिस्ट कोपराला कोपर लावून उभा होता, आणि जीभ परस्पर बोलून गेली.

मिस्त्रीनं मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग पुठ्ठ्यावर आकडा लिहिला.

"ब्याऐंशीला मागे चोवीस तारा चालतील. चाक हलकं होईल."

"चोवीसच बांधा."

हलकं चाक मला हवं होतंच. दरवर्षी आमच्याकडे दोनशे किलोमीटरची राइड असते, साडेतेरा तासांत पुरी करायची. मी दोनदा निघालो आणि दोन्ही वेळा मागच्या चाकानं दगा दिला. दोन्ही वेळा सायकल टेम्पोत टाकून परत आलो. तेव्हापासून ग्रुपमध्ये माझं नाव 'टेम्पो' पडलंय. प्रेमानं म्हणतो, असं ते म्हणतात. चोपन्न वर्षांचा आहे मी, गुडघे आत्ताच कुरकुर करतात. एकदा, फक्त एकदाच, मला ती राइड सायकलवर बसून संपवायची होती.

चाक घरी आणलं तेव्हा बायकोनं ते एका बोटावर उचललं. "अहो, हे तुम्हाला पेलणार का?"

"तुला त्यातलं काय कळतं?"

"त्यातलं नाही कळत. तुमचं कळतं," ती म्हणाली आणि चाक भिंतीला टेकवून आत गेली.

राइडच्या दिवशी मी खरंच चांगला चाललो होतो. एकशे एक्केचाळीस किलोमीटर झाले होते आणि ठरल्या वेळेच्या मी तासभर पुढे होतो. मनात मी पोचलोसुद्धा होतो. तेवढ्यात मागून टण् असा आवाज आला. एक तार तुटली आणि चाक लगेच डुलायला लागलं. ब्रेक सैल केला, तर रिम फ्रेमला घासायला लागली. तसाच रेटत तीन किलोमीटर गेलो, मग दुसरी तार तुटली. बँकवाला आणि डेंटिस्ट मागून आले. "अरेरे, टेम्पो!" असं ओरडून पुढे गेले. त्यांनी थांबून तरी काय केलं असतं? मी रस्त्याच्या कडेला बसलो आणि चक्क रडलो. दुःखानं म्हणाल तर नाही, चिडून. टेम्पोत बसल्या बसल्या मी ग्रुपवर मेसेज टाकला की मिस्त्रीनं कच्चं चाक बांधून दिलं. बावीस जणांनी हळहळ व्यक्त केली.

दुसऱ्या दिवशी चाक घेऊन मी दुकानात गेलो आणि ते त्याच्या पुढ्यात आदळलं.

"हे तुमचं काम?"

मिस्त्रीनं चाक उचललं, फिरवलं आणि तुटलेल्या तारांची टोकं निरखली. "ब्याऐंशी किलोनं हे मोडत नाही," तो म्हणाला.

मी तुटकी तार बोटानं चाचपली.

"तुमचं वजन मला तेव्हाच दिसलं होतं. तीस वर्षं हेच करतोय. माणसाला एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं की कळतं."

"मग बोलला का नाहीत?"

"चार माणसांत तुम्हाला खोटं पाडू?"

"पाडायचं होतं!" मी किंचाळलोच. "वर्ष गेलं माझं! पुढच्या वर्षी हे गुडघे असतील का, कुणी सांगावं?"

"चुकलंच माझं," मिस्त्री म्हणाला. "लाज राखायला गेलो तुमची. पण माझ्या हातचं चाक रस्त्यात मोडलं, असं आजवर कुणी म्हणालं नव्हतं. काल सगळ्या गावानं वाचलं. सकाळी दोघांनी फोन करून चाकं नको म्हणून कळवलं."

मला त्याच्याकडे बघवेना. दोष त्याचा चिमूटभर होता, माझा पोतंभर, आणि बोभाटा मात्र मी त्याच्या नावानं केला होता.

नेमका तेव्हाच डेंटिस्ट दारात आला. मिस्त्रीकडे न बघता मला म्हणाला, "टेम्पो, अरे अजून इथंच? दुसरीकडे तयार चाकं मिळतात चांगली. चल, दाखवतो."

मिस्त्री खाली मान घालून नट आवळायचे पाने डब्यात भरू लागला. माझं खोटं तो तिथंच उघड करू शकला असता.

"सत्त्याण्णव लिहा," मी म्हणालो.

"काय सत्त्याण्णव?" डेंटिस्टनं विचारलं.

"माझं वजन. ह्यांना ब्याऐंशी सांगितलं होतं मी, तुझ्यासमोर. चाक चांगलं होतं. खोटा मी होतो. ग्रुपवर टाकतो आत्ता."

कान तापले होते. मोबाइल काढला, तिथंच उभ्यानं लिहिलं आणि पाठवलं. डेंटिस्टच्या खिशात त्याचा फोन वाजला. त्यानं तो काढला नाही. "येतो मी," एवढंच म्हणाला आणि गेला.

मिस्त्रीनं नवा पुठ्ठा घेतला. "पाण्याच्या बाटल्या, पिशवी?"

"सगळं धरून शंभर लिहा."

"मग छत्तीस तारा. चाक जड होईल."

"होऊ दे."

त्यानं आकडा लिहिला, फडक्यानं हात पुसले आणि स्वतःचं स्टूल माझ्याकडे सरकवलं. मी त्यावर पूर्ण वजन टाकून बसलो.