साहेबांचा वारस

घड्याळजींनी पेनाचं टोपण काढलं, फॉर्मच्या सातव्या रकान्यापाशी येऊन ते थांबले आणि टोपण पुन्हा लावलं.

“सातव्याला सगळेच अडतात,” दुकानाची मालकीण म्हणाली. तिचा उजवा हात कोपरापर्यंत माशांच्या टाकीत होता आणि ती आतून काच घासत होती. “एक जण तर तिसऱ्यालाच पाणी मागून पळाला.”

सातवा रकाना असा होता: तुमच्या पश्चात हा प्राणी कोण सांभाळेल? त्या व्यक्तीने समक्ष येऊन सही करावी.

प्राणी काउंटरवरच बसला होता. ताटलीएवढं कासव, वय तिशीच्या आसपास, पुढची पन्नास वर्षं कुठेही जायची घाई नसलेलं. दुकानात त्याला साहेब म्हणत, कारण ते समोरच्याचं शांतपणे ऐकून घेत आणि नंतर काहीच करत नसत. साहेब तीनदा विकले गेले होते आणि तीनदा परत आले होते. पहिला मालक वारला. दुसऱ्याची बदली झाली. तिसऱ्याला बायकोने ‘हे तरी राहील नाही तर मी’ असं बजावलं, तेव्हा त्याने आठवडाभर विचार केला आणि मग साहेबांना परत आणलं. त्या आठवड्याबद्दल बायको अजून त्याच्याशी नीट बोलत नाही म्हणे. त्यानंतर मालकिणीने हा फॉर्म छापून घेतला. चार वर्षांत दुकानातून एकही सरपटणारा प्राणी विकला गेला नव्हता. बाहेरच्या फळ्यावर मात्र खडूने लिहिलेलं तसंच होतं: सरडे, साप, कासव मिळतील.

“मुलगी आहे ना तुम्हाला, काका?”

“आहे. प्राण्यांची डॉक्टर आहे.”

मालकिणीने हात टाकीबाहेर काढला. “डावीकडच्या दवाखान्यातली? ती तर दुकानातून हे प्राणी विकायला बंदी घाला म्हणून सह्या गोळा करतेय. सोमवारी नगरपालिकेत अर्ज देणार आहे.”

“तीच.”

“माझ्याकडेही आली होती सही मागायला.”

“दिलीत?”

“अर्ज छान लिहिला होता हो. पण नाही दिली.”

घड्याळजी गेले तीन आठवडे रोज अकराला कोबीचं पान घेऊन येत होते. चाळीस वर्षं त्यांनी लोकांची घड्याळं दुरुस्त केली, आणि निम्म्या गिऱ्हाइकांची तक्रार एकच, की हे मागे पडतं. आता त्यांना हळू चालणारं असं काहीतरी हवं होतं, ज्याच्याबद्दल कुणी तक्रार करणार नाही.

मुलीचं प्रकरण निराळं होतं. बायको गेल्यावर मुलगी म्हणाली होती, माझ्याकडे चला, तुमच्याच्याने एकट्याने काही सांभाळणं होणार नाही. त्यावर ते म्हणाले होते, मी काय दुरुस्तीला टाकलेलं घड्याळ आहे, उचलून न्यायला? वाक्य फार चांगलं जमलं होतं, हीच पंचाईत झाली. इतकं जमलेलं वाक्य मागे घेववेना. दोन वर्षं झाली. आता रोज फोनवर तिचा ‘गोळी घेतली?’ असा मेसेज येई आणि ते ‘घेतली’ असं लिहून कळवत.

“ती यायची नाही,” ते म्हणाले.

मालकिणीने हात पुसून फोन लावला. “डॉक्टर, नमस्कार. इथं एक कासव विकलं जातंय. हो, आत्ता. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला.” तिने फोन ठेवला. “अकरा मिनिटं लागतील. चपला घालायच्या धरून.”

मुलगी नऊ मिनिटांत आली. अंगात दवाखान्याचा कोट, काखेत सह्यांची फाइल, खिशातून कुठल्याशा कुत्र्याची पट्टी लोंबत होती.

“कोण घेतंय?” तिने विचारलं, आणि मग तिला वडील दिसले.

साहेबांनी मान बाहेर काढली, परिस्थिती पाहिली आणि मान परत आत घेतली.

“गोळी घेतली?”

“घेतली.”

एरवीचंच बोलणं होतं, फक्त या वेळी आवाजासकट.

ती मालकिणीकडे वळली. “दर महिन्याला माझ्या हातात किती सरडे मरतात, माहितीये? खेळणं म्हणून नेतात लोक. ऊब लागते, दिवा लागतो, कुणी सांगत नाही. मग चपलांच्या खोक्यात घालून माझ्याकडे आणतात.”

“त्यातले माझ्याकडचे किती?”

डॉक्टरने आठवून पाहिलं. “एकही नाही.”

“असणार कुठून? मी विकतच नाही.”

“मग विकायची परवानगी कशाला हवी?”

“नाही म्हणायला. मी नाही म्हटलं की निम्मे लोक नाद सोडतात. दुकानच नसलं की ते चोरून घेतील, आणि चोर काही फॉर्म भरून घेत नाही.”

डॉक्टरने वडिलांचा फॉर्म ओढला. सहा रकाने बारीक अक्षरात भरले होते, घड्याळांना बांधायच्या चिठ्ठ्यांवर असायचं त्याच अक्षरात. तिसऱ्या, ‘ऊब कशी द्याल?’ या रकान्यासमोर दिव्याची आकृती होती, दिव्याला जुन्या गजराच्या घड्याळाचं यंत्र जोडलेलं: सातला लागेल, सहाला विझेल. ‘आजारी पडल्यास डॉक्टर कोण?’ समोर तिच्या दवाखान्याचा पत्ता होता, आणि खाली, कुणी विचारलेलं नसताना, ‘बोलायला कडक. हात हलका.’

तिने हा रकाना जरा जास्त वेळ वाचला.

“यांना देता येणार नाही,” ती म्हणाली.

घड्याळजींनी उरलेलं कोबीचं पान घडी करून खिशात ठेवलं. “बरं.”

“मी घेते. कोरा फॉर्म द्या.”

तिने उभ्या उभ्या फॉर्म भरला, सातव्या रकान्यात नाव लिहिलं आणि कागद वडिलांपुढे सरकवला. “सही करा.”

मालकिणीने वाकून पाहिलं. “डॉक्टर, तुमचा वारस तुमच्यापेक्षा एकतीस वर्षांनी मोठा आहे.”

“वयाची अट आहे का?”

मालकिणीने फॉर्म मागून पुढून तपासला. “नाही. सुचलंच नव्हतं.”

“मग झालं तर. मी दिवसभर दवाखान्यात असते. कासव वारसाकडे राहील, त्यांना सराव हवा. मी संध्याकाळी येऊन बघून जाईन.”

“रोज?” घड्याळजींनी विचारलं.

“कासवाला रोज बघावं लागतं.”

“तसं काही लागत नाही,” मालकीण म्हणाली. बापलेकीने एकदमच तिच्याकडे पाहिलं. तिने हात पुन्हा कोपरापर्यंत टाकीत घातला.

घड्याळजींनी टोपण काढून सही केली. डॉक्टरने आणखी दोन कोरे फॉर्म मागून घेतले, फाइल उघडली आणि ते सह्यांच्या वर ठेवले.

“सोमवारी अर्जाला जोडायला लागतील,” ती म्हणाली. “आणि तिसऱ्या रकान्यात ती आकृती छापा.”

दोघं गेल्यावर मालकीण ओला हात घेऊन बाहेर आली आणि फळ्यावरचं ‘कासव’ पुसू लागली. घड्याळजींनी खोकं दोन्ही हातांत धरलं होतं, आतल्याला धक्का लागू नये म्हणून ते पाऊल मोजून टाकत होते. मुलगी त्यांच्या पावलाला पाऊल जुळवत होती. दोनदा पुढे गेली, दोनदा थांबली, मग जमलं. रस्त्याच्या टोकाशी दवाखाना डावीकडे होता. दोघं उजवीकडे, घड्याळजींच्या घराकडे वळले.