यशस्वी माजी विद्यार्थिनी

कॉलेजातल्या आमच्या विभागप्रमुखांचा फोन आला तेव्हा मी एका नटीच्या चपलांवर चारशे शब्द लिहीत होते. "शनिवारी नव्या मुलांच्या पालकांसाठी कार्यक्रम आहे. यशस्वी माजी विद्यार्थिनी म्हणून तू बोलायचंस," सर म्हणाले. मला हसू फुटलं. त्यांना तो होकार वाटला.

मी एका बातम्यांच्या वेबसाइटवर काम करते. आमच्या ऑफिसातून बातमी आणायला कोणीच जात नाही. दुसऱ्यांनी आणलेली बातमी घ्यायची, वाक्यं उलटीपालटी करायची आणि वर असा मथळा चढवायचा की वाचणाऱ्याचं बोट आपोआप त्यावर पडावं. एवढ्यासाठी बाबांनी ठेव मोडून मला पत्रकारितेची पदवी घ्यायला लावली होती. बाबांचं फ्रिज दुरुस्तीचं दुकान आहे. तिथला कारागीर माझ्यापेक्षा जास्त कमावतो, वर त्याला रविवारची सुट्टी असते.

आणि आता धाकटीलाही तीच पदवी हवी होती. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. आमचं शेंडेफळ मात्र नेमकं त्याच दगडावर पाय आपटायला निघालं होतं. मी महिनाभर डोकेफोड केली, पण सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

"तुझं शिकून झालं, मग मलाच का नको?"

"शिकून झालं म्हणूनच सांगतेय ना."

"तुला जमलं नाही म्हणून मलाही जमणार नाही का?"

हे फार लागलं मला. बाबा आमच्या दोघींच्या मधे बसून चहा थंड करायचे. फी माझ्या वेळच्या दुप्पट झाली होती. ठेव एकच उरली होती आणि ती नव्या दुकानासाठी राखून ठेवलेली, कारण जुन्या जागेचा मालक 'उठा आता' म्हणून मागे लागला होता. शेवटी बाबा म्हणाले, "शनिवारी जाऊ सगळे. थोरली तिथे जे सांगेल, ते ठरलं."

शनिवारी सभागृहात खुर्च्या कमी आणि पालक जास्त. बाबा पहिल्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट घालून. शेजारच्या अनोळखी माणसाला ते माझ्याकडे बोट करून काहीतरी सांगत होते. सरांनी आधी सांगितलं की आमचे नव्वद टक्के विद्यार्थी माध्यमांत कार्यरत आहेत, मग माझी ओळख 'वरिष्ठ पत्रकार' अशी करून दिली आणि माईक माझ्या हातात दिला.

सगळं खरं सांगायचं असं घरून ठरवून आले होते. पण बाबांचा तो चेहरा बघून तोंडच उघडेना. म्हणून मी सरांकडेच वळले.

"सर, या नव्वदांतले बातमी आणायला किती जण जातात?"

सर हसले. "आपली मुलं आज सगळीकडे पोचली आहेत."

"बातमी आणायला किती जातात?"

"हे बघ, माध्यमांचं स्वरूपच आता बदललंय."

"किती, सर?"

"नेमका आकडा नाही माझ्याकडे."

"मग नव्वदाचा कुठून आला?"

मागे कोणीतरी खुदकन हसलं.

"त्या नव्वदांत मला धरलंय का?"

"अर्थातच."

"मग मी काय करते ते ऐका," असं म्हणून मी पालकांकडे वळले आणि सगळं सांगितलं. चपला, मथळे, पगार आणि बाबांचा कारागीरसुद्धा. फक्त बाबांकडे बघितलं नाही. मग पालकांनी प्रश्नांची सरबत्ती सुरू केली आणि सरांनी घाईघाईनं चहापान जाहीर केलं.

मी खाली उतरले. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच काहीतरी काम केल्यासारखं वाटत होतं. ठेव वाचली, दुकान वाचलं, या आनंदात मी दोन बिस्किटंही खाल्ली.

तेवढ्यात धाकटी आली. पाठोपाठ बाबा. तिचे डोळे चमकत होते.

"ताई, उत्तर मिळेपर्यंत तोच प्रश्न विचारत राहायचं, हे कुठे शिकलीस गं?"

उत्तर समोरच चहाचा कप घेऊन उभं होतं. दुसऱ्या वर्षी सर आम्हाला एकेकाला उभं करायचे, आम्ही प्रश्न विचारायचा आणि ते टोलवायचे. उत्तर काढल्याशिवाय खाली बसायचं नाही. त्या तासाला मी रडलेही होते.

खोटं बोलायला हवं होतं. रोज मथळ्यांत बोलतेच की, त्यात आणखी एकाची भर. पण बाबा बघत होते.

"इथेच," मी म्हणाले.

धाकटीचं काम झालं होतं. बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"इतकी वर्षं तू कामाला जातेस, पण तुला काम करताना आज बघितलं," ते मला म्हणाले. मग सरांकडे वळून त्यांनी विचारलं, "प्रवेशाचा फॉर्म कुठे मिळतो हो?"

सरांनी कपासकट हात वर करून कोपऱ्यातलं टेबल दाखवलं. मला इतका संताप आला होता की मीच बाबांचा हात धरला आणि त्यांना नेऊन फॉर्मच्या रांगेत उभं केलं.