खाटेखालची बाटली

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बाटली आहे. नाकं मुरडू नका! सोलापुरात कासीमभाईंच्या दुकानात मी गुलाबाचे सरबत मिरवीत असे. तोंडाचा टवका उडाला आणि माझी रवानगी दवाखान्यात झाली. गुरम्मा सिस्टरने माझ्या अंगावर, आत किती भरले ते मोजायला, औंसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवली.

चौतीस सालची गोष्ट. बिरप्पा धनगराच्या स्वादुपिंडावर पाण्याने भरलेली मोठी गाठ झाली होती. डॉक्टरांनी पोट उघडून ती फोडली आणि आत ठेवलेली रबरी नळी माझ्या तोंडात सोडली. आतली घाण माझ्यात उतरायची. ती थांबली की नळी काढायची, असे ठरले होते.

त्याची बायको मायाक्का खाटेशी लोकर कातत बसे. तिला माझी भारी लाज! "पावनं येत्यात, काय म्हनतील?" असे पुटपुटत ती मला गुपचूप ओतायची आणि राखेने घासायची. चार दिवस मी लख्ख रिकामी. डॉक्टर खूश!

पाचव्या सकाळी ते कात्री घेऊन आले. अरे देवा! घाण आत कोंडली तर हा माणूस हातचा जाईल, हे मला दिसत होते. पण मला वाचा कुठली? कात्री नळीच्या टाक्याला भिडली.

तेवढ्यात सिस्टरने मला उचलले. पट्टी गळून पडली होती. टवक्यात राख अडकली होती.

"थांबा, साहेब! मायाक्का, खरं सांग. तू हिला धुतलीस काय?"

मायाक्काने लोकर बाजूला ठेवली. "व्हय बाई. घान दिसती म्हून टाकलं."

"काल किती होतं?"

तिने माझ्या गळ्याशी बोट ठेवले. "हितपातूर."

डॉक्टरांनी कात्री खाली ठेवली.

मायाक्काला आकडे वाचता येत नव्हते. मग ती रोज ओतण्याआधी घाण जिथवर असेल तिथे काळ्या लोकरीचा धागा बांधू लागली. डॉक्टर येऊन आधी धागे बघत. एके दिवशी धागा खांद्यावर, मग पोटावर. मध्येच एकदा वर चढला, तेव्हा मायाक्का दिवसभर जेवली नाही. विसाव्या दिवशी माझ्यात घाणच आली नाही, मग धागा बांधणार कुठे? बिरप्पा आपल्या पायांनी घरी गेला.

आता मी अडगळीत धूळ खात पडले आहे. माझी एकच विनवणी आहे. आजाऱ्याची घाण लाजेने लपवू नका. आधी डॉक्टरांना दाखवा, मग खुशाल ओता.

आणि मला कधी धुतलेच, तर बुडाजवळचा तो शेवटचा धागा तेवढा काढू नका.