हिरव्या लडींची बाग

अद्वैतच्या पदरात पडायचं होतं ते असं: सोलापुरातल्या दोनशे हिरव्या जागा खुल्या नकाशावर आखल्या, की कॉलेजातल्या चेतना मॅडमचं शिफारसपत्र, आणि त्या पत्रावर पुण्यातल्या एका संस्थेत दोन महिन्यांची उमेदवारी. हा नकाशा कुणाच्या मालकीचा नाही. कुणीही त्यात भर घालावी, कुणीही चूक खोडावी. अद्वैतने बार्शीच्या घरी पंख्याखाली बसून, उपग्रहाच्या फोटोंवरून, बरोबर दोनशे बागा आखल्या. दोनशे एकावी आखणाऱ्यातला तो नव्हता.

महापालिका याच नकाशावरून रोपं वाटणार होती; जिथं जवळपास हिरवं काही नाही, तिथं आधी. म्हणून मॅडमनी शेवटच्या पाच जागांचे फोटो मागितले.

दोनशेवी बाग निघाली अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका गल्लीत. एप्रिलची दुपार. बाग नव्हतीच. मोकळ्या जागेत बांबूंवर ओल्या सुताच्या लाल लडी टांगलेल्या, आणि त्या उलटवत निंगव्वा उभी. रंगखान्याचं सूत वाळवण्यात तिची एकतीस वर्षं गेली होती.

"मावशी, इथली बाग कुठंय?" अद्वैतने फोन पुढे केला.

तिने पदराला हात पुसून नीट बघितलं. "ही व्हय? ही माझीच की. फोटू निघाला त्या दिशी हिरव्या चादरीचं सूत हुतं. परवा आला असतास तर गुलाबाची बाग घावली असती."

भिंतीलगत वीतभर सावली होती. ती तिथं टेकली आणि सरकून त्याला जागा दिली. तिचा एक खांदा उन्हात गेला.

अद्वैतने सांगितलं, की ही बाग नकाशावर आहे तोवर या गल्लीला रोपं मिळायची नाहीत.

"मंग पूस की."

त्याचं बोट फोनवर अडलं. लड वाळली का बघावं तसं तिने त्याच्याकडे बघितलं.

"तुझं काय जातंय?"

"मॅडमचं पत्र. पुण्याला जायचं होतं."

"मंग घरी जाऊन इचार कर, लेकरा. आमाला काय, सवय हाय."

टोमणा असता तर तो चिडून निघून गेला असता. टोमणा नव्हता, म्हणून अडचण झाली. त्याने तिथंच बाग पुसली.

मॅडमनी वर्गात कौतुक केलं, पत्र मात्र दिलं नाही. नियम दोनशेचा होता, आणि नवी बाग आखायची मुदत संपली होती.

जुलैत कडुलिंबाची पाच रोपं आली. अद्वैत बघायला गेला, तर पश्चिमेच्या कडेला खड्डे घ्यायला जागा हवी म्हणून निंगव्वा दोन बांबू उपटत होती. तेव्हा कुठं त्याच्या डोक्यात उजेड पडला.

"मावशी, झाडं वाढली की दुपारचं ऊन अडणार. मग सूत कसं वाळणार? माझ्या लक्षातच आलं नाही."

"माझ्या आलं हुतं. तवाच."

"मग सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं, तर पुसलं असतंस व्हय?"

अद्वैतने दुसरा बांबू धरला.

तर रोपं महापालिकेची, खड्डे ठेकेदाराचे, पत्र अद्वैतचं गेलं. बांबू कमी झाल्याने सूत आता दोन खेपांत वाळतं. संध्याकाळचा तो रोजचा जादा तास निंगव्वाचा.